कावळा, फांदी आणि कृपा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



अंकासाठी दोन पानं लिहा, असं मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी बँकेत जन्मभर लेजर लिहिलेला माणूस, शिक्षण बी.कॉम. शास्त्रपुराणं वाचतो ती भाबडेपणाने. पण ह्या श्रावणात एका इंग्रजी शब्दावरून घरात वाद झाला, आणि तो शब्द मला पार तेहेतीस वर्षं मागे घेऊन गेला. म्हटलं, हेच लिहावं.

माझी नात नववीत आहे. शाळेतून शब्द दिले होते, प्रत्येकाचं एक वाक्य करायचं. त्यात एक शब्द होता 'फॉर्च्युइटस'. तिने वाक्य केलं होतं, की पावसामुळे शाळेला सुट्टी मिळाली, ही फारच फॉर्च्युइटस गोष्ट झाली. मी म्हटलं, "बाळ, चुकलं." ती म्हणाली, "आजोबा, मोबाइलवर बघा, लकी असाच अर्थ दिलाय." मी कपाटातली जुनी डिक्शनरी काढली. तिने मोबाइल पुढे केला. दोघेही आपापल्या जागी बरोबर निघालो, हे नंतर सांगतो.

ह्या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, की ठरवून नव्हे, आपसूक घडलेलं. घडलं ते चांगलं की वाईट, ह्याबद्दल तो शब्द तोंड उघडत नाही. लॅटिनमध्ये योगायोगाला 'फोर्स' म्हणतात, त्यापासून हा आला. 'फॉर्च्युन' आणि 'फॉर्च्युनेट' हेही त्याच घराण्यातले. भावकीतली माणसं, नाकडोळे सारखे, म्हणून लोक एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारू लागले. इतक्या वेळा मारली, की आता कोशांतही 'सुदैवाने घडलेलं' हा अर्थ छापतात, आणि जाणकार मंडळी त्यावर नाकं मुरडतात. म्हणजे नात आजच्या हिशेबाने बरोबर, मी कालच्या.

मला हा शब्द शाळेत नव्हे, कॉमर्सच्या वर्गात विम्याच्या धड्यात भेटला होता. समुद्री विम्याच्या १९६३ सालच्या कायद्यात हा शब्द आहे. समुद्रावरचे धोके म्हणजे काय, तर आकस्मिक अपघात आणि आपत्ती तेवढ्याच. वाऱ्याचं आणि लाटांचं रोजचं काम त्यात धरायचं नाही. लाटा आहेत म्हणजे त्या आपटणारच. लाकूड आहे म्हणजे झिजणारच. त्याचे पैसे विमा कंपनी देत नाही. जे होणार की नाही हे ठाऊक नव्हतं आणि झालं, तेच फॉर्च्युइटस. आता बघा, गोदाम जळून खाक झालं, मालक डोक्याला हात लावून बसलाय, आणि विम्याच्या भाषेत ती घटना फॉर्च्युइटस! तिथे 'लकी' घालून बघा म्हणजे कळेल.

नातीने हुशारीने विचारलं, "मग चांगल्या योगायोगाला वेगळा शब्द नाही का?" आहे की. 'सेरेंडिपिटस'. न शोधता काहीतरी चांगलं हाती लागणं. मूळ नाम होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रज लेखकाने १७५४ साली एका पत्रात घडवलं, सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. सेरेंडिप म्हणजे आपली लंका; सिंहलद्वीप ह्या नावाचंच ते अरबांच्या तोंडून गेलेलं रूप. म्हणजे चांगल्या योगायोगाच्या इंग्रजी शब्दाचं माहेर आपल्या शेजारीच आहे. असो. मुद्दा एवढाच, की चांगल्याला स्वतंत्र शब्द असताना बिचाऱ्या फॉर्च्युइटसला त्याच्या मूळच्या जागेवर राहू द्यायला हवं होतं.

आपल्याकडे काय? 'अकस्मात' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. तो फोडून बघितलात का कधी? कस्मात् म्हणजे कशामुळे. अ-कस्मात् म्हणजे 'कशामुळे'ला उत्तर नाही. मला हे कळलं तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती! जन्मभर 'आकस्मिक खर्च' ह्या सदरात चहापाण्याची बिलं घातली, पण शब्द कधी उघडून पाहिला नाही. इंग्रजी 'कॅज्युअल'चंही तेच. मूळ अर्थ योगायोगाने आलेलं. आणि आम्ही बँकेतले लोक पंधरा दिवस आधी अर्ज देऊन कॅज्युअल लीव्ह घ्यायचो.

शिवाय आपला कावळा आहेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात तोच काकतालीय न्याय, तिथे फांदीऐवजी ताडाचं फळ. गंमत म्हणजे ह्या न्यायाचं स्पष्टीकरण दोन तऱ्हांनी देतात. एकात फळ कावळ्याच्या डोक्यात पडतं आणि तो मरतो. दुसऱ्यात तेच फळ त्याला आयतं खायला मिळतं. न्याय मात्र एकच. शास्त्रकारांना कावळ्याचं भलं झालं की वाईट, ह्याच्याशी कर्तव्य नव्हतं. दोन गोष्टी एका क्षणी आल्या आणि एक दुसरीमुळे आली नाही, एवढंच सांगायचं होतं.

आपण माणसं मात्र तेवढ्यावर थांबत नाही. पेपरात बातमी असते, दैव बलवत्तर म्हणून प्रवासी बचावला. काळ आला होता पण वेळ आली नव्हती. त्याच बातमीत खाली मृतांची संख्या असते. त्यांचं दैव दुबळं होतं, असं कुणी छापत नाही. छापत नाही, पण वरच्या ओळीचा खाली तोच अर्थ होतो, नाही का?

आता तेहेतीस वर्षांपूर्वीचं.

१९९१ सालचा मार्चअखेर. मी डोंगरातल्या एका लहान शाखेत होतो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. क्लोजिंग म्हणजे रात्र रात्र बेरजा, आणि एका पैशाचा फरक निघाला तरी पुन्हा पहिल्यापासून. सगळं जुळलं की स्टेटमेंटं घेऊन कुणीतरी जिल्ह्याच्या गावी वरच्या ऑफिसात जायचं. ती पाळी माझी होती. भाड्याची जीप सकाळी सहाला निघणार होती.

आदल्या रात्री माझा मुलगा तापाने फणफणला. पाच वर्षांचा. आई माझ्याकडे आलेली होती, ती आणि बायको रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या. पहाटे पाचला मी आमच्या कॅशियरांच्या दारात गेलो. शाखेत सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायचो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मी काय सांगतोय ते पुरतं ऐकायच्या आधीच त्यांनी शर्ट चढवायला घेतला. "अरे, मला जायचंच होतं. हिच्या चष्म्याची काच गेलीय, ती बदलून आणतो." वहिनींनी चष्मा रुमालात गुंडाळून दिला, तो त्यांनी वरच्या खिशात ठेवला. मी स्टेटमेंटांची पिशवी त्यांच्या हातात दिली.

घाटात जीप उलटली. भाऊ जागीच गेले.

त्यानंतरचे दिवस मी इथे लिहीत नाही. लिहायचंय ते पुढचं. मुलगा बरा झाल्यावर आई नवस फेडायला वाडीला जाऊन आली. आल्यावर शेजारीपाजारी पेढे दिले. भाऊंचं घर त्याच आळीत. तिथेही द्यायला हवेतच, नाहीतर वाईट दिसलं असतं. आईबरोबर मी गेलो. आईने पेढा वहिनींच्या हातावर ठेवला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "वहिनी, महाराजांनीच वाचवलं हो मला."

आईचं नव्हे, वाक्य माझं होतं. आणि पहिल्यांदा बोललो असंही नाही. शाखेत, आळीत, बसस्टँडवर, विचारेल त्याला मी महिनाभर हेच सांगत होतो, कृतज्ञतेने, डोळ्यांत पाणी आणून. तेच सवयीने तिथेही तोंडातून गेलं.

वहिनींनी पेढा कपाळाला लावला. खाल्ला नाही. म्हणाल्या, "काकू, ह्यांचंही दर दत्तजयंतीला गुरुचरित्राचं पारायण असायचं. सात दिवस."

बस, एवढंच. रागाने नाही, आवाज चढवून नाही. जणू पासबुकात एक नोंद राहिलीय, ती दाखवावी तसं.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांनी गुरुचरित्र वाचलंय. माहूरच्या त्या जोडप्याची कथा आठवा. नवरा क्षयाने झिजलेला, त्याला घेऊन सावित्री गाणगापूरला पोचते आणि तो तिथेच प्राण सोडतो. पुढे श्रीगुरूंच्या कृपेने तो उठून बसतो. ती कथा भाऊ दर वर्षी त्या घरात मोठ्याने वाचत, आणि वहिनी समईत तेल घालता घालता ऐकत. अशा बाईला मी सांगायला गेलो होतो, की महाराजांनी मला वाचवलं.

बरीच वर्षं मी हे बँकेच्या पद्धतीने सोडवत राहिलो. आमच्या धंद्यात एकाकडे जमा तर दुसऱ्याकडे नावे, त्याशिवाय ताळेबंद जुळत नाही. माझं आयुष्य जमा झालं ते भाऊंच्या नावे टाकून, असंच मनात बसलं. बदली मागून घेतली. रात्री जाग आली की हाच हिशेब. पण विचार करता करता लक्षात आलं, की हे दुःख असलं तरी त्यातही एक घमेंड आहे. मला वाचवण्यासाठी भाऊंना नेलं, एवढा मी कोण? घाटातलं वळण, जीपचा ड्रायव्हर, माझ्या मुलाचा ताप, वहिनींच्या चष्म्याची काच. ह्यातल्या कुणाचं कुणाशी काही ठरलेलं नव्हतं. कावळा बसला आणि फांदी मोडली. फॉर्च्युइटस, जुन्या डिक्शनरीतल्या अर्थाने. सुदैव नाही, दुर्दैवही नाही, त्यावर कुणाची सही नाही.

आमच्या कट्ट्यावरचे एक स्नेही हे मान्य करत नाहीत. ते म्हणतात, "अहो, योगायोग म्हणून काही नसतंच. सगळं प्रारब्ध. आपल्याला कारण दिसत नाही म्हणून आपण अकस्मात म्हणतो." त्यांचं वाचन दांडगं आहे, मी वादात टिकत नाही. श्वेताश्वतर उपनिषदात सुरुवातीलाच विचारलंय, की ह्या सगळ्याचं कारण काय. काळ, स्वभाव, नियती की यदृच्छा? यदृच्छा म्हणजे आपोआप, योगायोगाने. ऋषींनी नियती आणि यदृच्छा शेजारी शेजारी मांडून दोन्ही तपासल्या आणि त्यापलीकडे गेले, हे मला स्नेह्यांनीच दाखवलं. तेव्हा प्रारब्ध असेलही. माझं म्हणणं एवढंच, की भाऊंच्या प्रारब्धाची वही माझ्यापुढे उघडलेली नाही. स्वतःवर आलं तर प्रारब्ध म्हणून सोसावं, ते शोभतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन 'तुमचं प्रारब्ध' म्हणणं म्हणजे न पाहिलेल्या खात्यावर शिल्लक सांगणं. बँकेत असं केलं असतं तर मेमो मिळाला असता.

मग कृपा नाहीच का? असं माझं मुळीच म्हणणं नाही. रोज संध्याकाळी मी देवापुढे बसून करुणात्रिपदी म्हणतो. पण ती विनवणी आहे, पावती नव्हे. माझ्या देवघरात मी महाराजांना म्हणेन, तुम्ही मला ठेवलंत. तिथे ऐकणारे ते आणि म्हणणारा मी. तेच वाक्य उंबऱ्याबाहेर नेलं, की ते ऐकणाऱ्यावर जाऊन आदळतं. माझी चूक वाक्यात होती की जागेत, ह्याचा मी अजून विचार करतोय.

ह्या बाबतीत मला सगळ्यात जास्त आधार अवधूताच्या अजगराने दिला. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. तो अवधूत म्हणजे आपले दत्तमहाराज, अशी आपली श्रद्धा. त्या गुरूंत अजगर आहे. तो पडून राहतो. यदृच्छेने समोर येईल ते घेतो. गोड असो की बेचव, थोडं असो की पुष्कळ. आणि काहीच आलं नाही तर उपाशी पडून राहतो. हा उपाशी राहण्याचा भाग आपण प्रवचनात भराभर उरकतो. पण यदृच्छा ह्या शब्दाचा खरा कस तिथे आहे. आलं तेव्हा 'माझ्यावर कृपा' आणि नाही आलं तेव्हा 'देव कोपला', असं तो अजगर म्हणत नाही. गीतेत चौथ्या अध्यायातही यदृच्छेने मिळेल त्यात संतुष्ट असणारा आणि द्वंद्वापलीकडे गेलेला, असं एका श्वासात आलंय. जोडी विचार करण्यासारखी आहे. लाभ म्हटलं की हानी आलीच. यदृच्छा म्हटलं की दोन्हींची धार जाते.

मला ते जमलं आहे असं कुणी समजू नये. मुलाला परीक्षेत मार्क पडले की मी पेढेच वाटले.

वाडीला हेच दर पावसाळ्यात डोळ्यांपुढे घडतं. कृष्णेचं पाणी चढत चढत पादुकांपर्यंत येतं, गाभाऱ्यातून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं, आणि लोक धावत येतात स्नानाला. दक्षिणद्वार सोहळा. पाणी चढणार हे ठाऊक असतं, पण कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, हे कुणी सांगू शकत नाही. तेच पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात आणि पूजा तिथे सुरू राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते किती चढलं ते शिरोळ तालुक्याला आणि सांगलीला विचारा. माझ्या मेव्हणीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. दोन म्हशी दावणीलाच गेल्या. पाणी उतरल्यावर ती आधी घर धुवायला लागली आणि मग फोनवर मला म्हणाली, "दाजी, महाराजांच्या पायाला लागून आलेलंच पाणी हे." मला उत्तर सुचलं नाही. ती हे भक्तीने म्हणाली की टोमण्याने, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

गेल्या पावसाळ्यात दक्षिणद्वाराची बातमी आली तसा मी मुलाला घेऊन वाडीला गेलो. गर्दी म्हणजे काय विचारता! स्नान करून वर आलो, ओल्या धोतराचा पिळा हातात, आणि समोर वहिनी. केस पांढरे, अंगाने वाळलेल्या, पण ओळखायला क्षण लागला नाही. भाच्याबरोबर आल्या होत्या. मला काय बोलावं सुचेना. ह्या सगळ्या वर्षांत दिवाळीचं पत्र, पुढे फोन, एवढंच मी करत आलो होतो, आणि कधीही त्या विषयावर आलो नव्हतो. मनात म्हटलं, आज माफी मागावी. त्या पेढ्याची.

पण त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. उंचापुरा, चाळिशीला टेकलेला. म्हणाल्या, "हाच का तो?"

मी म्हटलं, "हो. हाच."

तो पाया पडला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तसाच राहू दिला, आणि मला विचारलं, "त्या दिवशी ताप कधी उतरला हो ह्याचा? विचारायचं राहूनच गेलं होतं."

मी म्हटलं, "संध्याकाळी. दिवेलागणीला."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. मग चष्मा काढून पदराने पुसला, आणि आम्ही सगळे प्रसादाच्या रांगेला लागलो.